ऑक्टोबर १९५६ मधला एक मालडबा

जानेवारीत हातात घेतलेला डबा सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रुळावर आला. चौदा सेंटिमीटर लांबीची एक तपकिरी वाघीण, खऱ्या मालडब्याची छोटी प्रतिकृती, आणि त्यासाठी आठ महिने. सुरुवात केली तेव्हा गंज कसा लावायचा, काजळी कशी फवारायची हे सांगणारे पुष्कळ भेटले. तो गंज नेमका कुठे लावायचा, आणि तिथेच का, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा सगळा प्रवास घडला त्याच क्रमानं लिहून ठेवते आहे.

डबा पेनसिल्व्हेनिया रेलरोड या अमेरिकन रेल्वे कंपनीचा, एक्स२९ या प्रकारचा; मापाचं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. अमेरिकन रेल्वे असोसिएशननं १९२३ मध्ये पोलादी डब्याचा एक आराखडा मांडला होता. पेनसिल्व्हेनियानं १९२४ पासून त्याच घडणीचे डबे हजारोंनी बांधले. आतून साडेचाळीस फूट लांब, बाजू सरळ सपाट, त्यावर रिव्हेटच्या उभ्या ओळी. दिसायला अगदी साधा, आणि त्या काळातल्या कुठल्याही मालगाडीत सापडणारच असा. माझ्या मांडणीचा, म्हणजे घरातल्या छोट्या रेल्वेच्या देखाव्याचा, काळ १९५६ चा शरद आहे. पेनसिल्व्हेनियाची वाफेची इंजिनं नोव्हेंबर १९५७ मध्ये थांबली. त्याच्या वर्षभर आधी, डिझेल आणि वाफ एकाच यार्डात उभी असतानाचे ते दिवस. प्रवासी गाड्यांवर सगळेच मेहनत घेतात. मला मात्र मालडब्यांचं वेड आहे.

डब्याचं किट, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांचा संच, ४२ डॉलरला घेतलं. घेताना एवढंच पाहिलं, की डब्याची टोकं सपाट पत्र्याची आहेत की नालीदार. सुरुवातीच्या एक्स२९ ची टोकं सपाट होती आणि नंतरच्या बऱ्याच डब्यांची नालीदार. मला सपाट हवी होती, कारण एका संग्रहालयाच्या पुराभिलेखांच्या यादीत मला एका फोटोचं टपालतिकिटाएवढं चित्र सापडलं होतं: ऑक्टोबर १९५६, यार्ड, सपाट टोकाचा एक्स२९, बाजूनं घेतलेला. हाच डबा करायचा, असं त्या क्षणी ठरलं.

१४ जानेवारीला त्या फोटोच्या प्रतीसाठी अर्ज केला. अर्जात निगेटिव्हचा क्रमांक, प्रतीचा आकार, वापराचा हेतू आणि फोटो कुठेही छापणार नाही अशी लेखी हमी, एवढं सगळं मागितलं होतं. प्रतीचे २५ डॉलर आणि टपालाचे ७, पैसे आगाऊ. उत्तर यायला चार ते सहा आठवडे लागतील असं कळवलं होतं. प्रत्यक्षात सात आठवड्यांनी, ५ मार्चला पाकीट आलं आणि आत भलताच फोटो निघाला. डबा एक्स२९ च होता, पण १९४० च्या दशकातला. क्रमांकातले शेवटचे दोन अंक उलटसुलट झाले होते. मी पावती, अर्जाची प्रत आणि आलेल्या फोटोच्या मागच्या शिक्क्याचं छायाचित्र जोडून पत्र पाठवलं. तीन आठवड्यांत बरोबर प्रत आली, जादा पैसे न घेता. अर्जाची प्रत जपून ठेवली नसती, तर चूक कुणाची यातच एप्रिल गेला असता. तेव्हा असा अर्ज कराल तर निगेटिव्हच्या क्रमांकासोबत फोटोत काय दिसतं तेही दोन ओळींत लिहा. क्रमांक चुकला तरी वर्णन पाहून शोधणाऱ्याच्या ते लक्षात येतं.

वाट पाहण्याचे दिवस दोन तऱ्हांनी गेले. एक चांगली, एक वाईट.

चांगली ही, की मी लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातले जॅक डेलानोचे फोटो पाहत बसले. सरकारी कामासाठी त्यानं १९४२-४३ मध्ये शिकागोच्या आसपासची रेल्वे यार्डं टिपली, आणि त्यातले काही फोटो रंगीत आहेत. ते कुणालाही मोठ्या आकारात फुकट उतरवून घेता येतात. माझ्या काळाच्या तेरा वर्षं आधीचे असले तरी त्यांनी माझा एक मोठा गैरसमज दूर केला. मी मनात सगळीकडे नारिंगी गंज धरून बसले होते. त्या यार्डात गंज फारसा नाहीच. आहे ती काजळी. तपकिरी, लाल, पिवळा असा कुठलाही डबा असो, वरून खाली सगळ्यांवर एकच करडी-काळी साय धरल्यासारखी. शेजारी शेजारी उभ्या दोन डब्यांत एक कालच रंगवलेला आणि एक इतका काळवंडलेला की अक्षरं वाचता येत नाहीत. जुन्या काळाचा म्हणून डबा गंजवायचा, हा आपला आजचा हिशेब आहे. गंजून भोकं पडलेले डबे आपण आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून हात आपोआप नारिंगी रंगाकडे जातो.

वाईट तऱ्हा म्हणजे उतावळेपणा. फोटो यायच्या आधीच फेब्रुवारीत मी डब्याचा तळ जोडून टाकला. किटमध्ये दोन्ही तऱ्हांचे ब्रेक नव्हते, फक्त जुना ‘के’ ब्रेक होता: सिलिंडर आणि हवेची टाकी एकालाच एक जोडलेली. तो मी व्यवस्थित चिकटवला, नळ्या जोडल्या आणि आमच्या मॉडेल रेल्वेच्या क्लबात घेऊन गेले. तिथे मालडब्यांच्या दुरुस्तीत आयुष्य घालवलेले एक निवृत्त गृहस्थ येतात. त्यांनी डबा उलटा केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “वर्ष कोणतं म्हणालात?”

“छप्पन्न.”

“मग हा डबा पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीबाहेर पडणार नाही.”

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. १९३३ पासून नव्या डब्यांना ‘एबी’ ब्रेक सक्तीचा झाला. जुन्या डब्यांवरचा ‘के’ काढून टाकायला कंपन्यांना मुदत दिली होती. ती वाढत वाढत १९५३ वर आली, आणि त्यानंतर ‘के’ ब्रेकचा डबा दुसरी कंपनी आपल्या रुळांवर घेईना. माझा डबा तीन वर्षं उशिरा धावत होता. घरी येऊन सुरीनं सगळं खरवडून काढलं, तळाला दोन चरे पडले, ते भरून घासले. एबीचा वेगळा संच ८ डॉलरला मिळाला. त्यात तीन वस्तू असतात आणि त्या एकमेकींपासून लांब बसतात: ब्रेक सिलिंडर, दोन कप्प्यांची टाकी आणि मध्ये झडप. टाकीकडून दोन नळ्या झडपेकडे, झडपेकडून एक सिलिंडरकडे, आणि मुख्य नळीची एक शाखा झडपेला. ही वाट एकदा कागदावर काढली की गोंधळ होत नाही. मी कागदावर काढली नाही आणि दोन संध्याकाळी घालवल्या.

फोटो हाती आला तो २७ मार्चला. भिंग घेऊन तासभर नुसती पाहत राहिले. डब्यावरचं बोधचिन्ह जुनं, वर्तुळातली कीस्टोन, म्हणजे कमानीच्या माथ्यावरच्या दगडाची आकृती. कंपनीनं १९५४ मध्ये सावलीची कीस्टोन आणली, पण म्हणून सगळे डबे त्याच वर्षी रंगवले गेले नव्हते. म्हणजे हा डबा निदान दोन वर्षं तरी रंगाविना फिरत होता, आणि मळाच्या थरावरून त्याहूनही बरीच जास्त. एवढ्या मळात एक छोटा चौकोन मात्र स्वच्छ, गडद: नवं वजन लिहिलेली जागा. छतावरच्या लाकडी फळ्यांपैकी एक बाकीच्यांपेक्षा उजळ. आणि बाजूच्या पत्र्याला खालच्या कडेला चार ठिकाणी ठिगळं.

या ठिगळांवर मी जीव लावला. एक्स२९ चं दुखणंच हे होतं. आत लाकडी अस्तर, बाहेर पत्रा, आणि दोहोंमध्ये शिरलेलं पाणी खाली साचून पत्रा तळापासून कुजायचा. मग तेवढा भाग कापून किंवा वरूनच नवा तुकडा रिव्हेटनं बसवत. मी पातळ प्लास्टिकच्या पत्र्यातून तुकडे कापले, चिकटवल्यावर कडा घासून जवळजवळ बाजूत मिळवल्या आणि रेझिनच्या उंचवट्यांचं रिव्हेट-डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची पातळ फिल्म) लावलं. त्याचे १६ डॉलर पडले आणि सगळ्या डब्यात तोच खर्च मला सगळ्यात सार्थ वाटतो. एका ठिगळाचे रिव्हेट जुन्या ओळीशी जुळत नाहीत, केसभर खाली आहेत. फोटोतही तसेच आहेत.

एप्रिल-मे हातकड्यांत, म्हणजे डब्यावर चढताना धरायच्या लोखंडी कड्यांत गेले. किटच्या साच्यातल्या शिड्या आणि हातकड्या कोरून काढल्या आणि ०.०१२ इंच जाडीच्या तारेच्या नव्या वाकवून बसवल्या. खऱ्या डब्यावर ही जाडी एक इंच होते, म्हणजे अजूनही थोडी जास्तच. पण त्याहून बारीक तार माझ्या बोटांना पेलत नाही. भोकांसाठी ८० नंबरचं ड्रिल, पिन व्हाइसमध्ये (ड्रिल पकडून बोटांनी फिरवायची छोटी मूठ), हातानं. आठ ड्रिल मोडली. ड्रिलच्या टोकाला थोडं मेण लावल्यावर मोडणं थांबलं. तार आणि ड्रिल मिळून ११ डॉलर. छताच्या फळ्यांवर बारीक करवत लांबीच्या दिशेनं ओढून लाकडाचे रेषे काढले. फळीच्या शेवटाला रेघ सोडून दिली तर ती लाकूड वाटत नाही, टोकापर्यंत न्यावी लागते.

रंगाला जूनमध्ये हात घातला. आधी डबा साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन रात्रभर वाळवला. बोटांचं तेल राहिलं तर रंग तिथेच सोलतो. एअरब्रश माझ्याकडे होता. मास्क लावून, खिडकी उघडून तीन पातळ हात दिले. रंग बाटलीतला तसाच वापरला नाही, त्यात थोडा पांढरट मातकट रंग मिसळला. एवढ्या लहान वस्तूवर खरा रंग खऱ्याहून गडद दिसतो, आणि पुढे काजळी चढवायची असते. सुरुवातच गडद केली तर शेवटी हाती काळा ठोकळा येतो.

मग अक्षरं. डेकलचा एक संच ९ डॉलरचा. त्यात वजनाचे अंक सुटे असतात, आपण जुळवायचे. फोटोत रिकाम्या डब्याचं वजन वाचता येत होतं, ४६,१०० पौंड. भाराची मर्यादा मात्र मळाखाली गेली होती. संचातून मला जवळचा वाटला तो आकडा मी लावला, १,२४,९००. द्रावण घालून डेकल रिव्हेटांवर घट्ट बसवलं, दोन दिवस वाळू दिलं, आणि क्लबातल्या त्याच गृहस्थांनी फोनवर फोटो पाहून एक शब्द लिहून पाठवला: “बेरीज?”

पन्नास टनी डब्याच्या चाकांवर, डबा आणि माल मिळून, त्या काळी १,६९,००० पौंडांहून जास्त भार चालत नसे. त्यामुळे डब्यावर लिहिलेली दोन वजनं मिळवली की तो आकडा यायलाच हवा. माझी बेरीज १,७१,००० येत होती. डबा पुन्हा तोलला की रिकामं वजन बदलायचं, आणि त्याबरोबर मर्यादाही तेवढीच उलट दिशेला सरकायची. बरोबर आकडा १,२२,९००. चिकटपट्टीनं जुने अंक उचलताना खालचा रंगही थोडा आला. पण तिथेच तर स्वच्छ चौकोन हवा होता! तेवढीच जागा झाकून ताजा, गडद रंग फवारला आणि दुसरा संच, आणखी ९ डॉलरचा, फोडून नवे अंक लावले. तारीख सप्टेंबर १९५५ ची. तोलणाऱ्या कामगारानंही असंच केलं असणार: जुने आकडे रंगाखाली घालवायचे आणि ओल्यावर नव्हे, थोडं वाळल्यावर नवे छापायचे.

जुलैत वेदरिंगला, म्हणजे डबा वापरून मळलेला दिसावा यासाठीच्या रंगकामाला सुरुवात केली, आणि पहिल्याच दिवशी डबा पांढरा पडला. मी मॅट वार्निश मारून त्यावर आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये कालवलेला काळा रंग सोडला होता. पाच मिनिटांत बाजू दुधाळ झाल्या, कीस्टोन दिसेनाशी झाली. सहा महिन्यांची मेहनत डोळ्यांसमोर विरताना पाहून मी दिवा बंद करून खोलीबाहेर गेले. दुसऱ्या दिवशी कळलं की काही वार्निशं अल्कोहोलनं अशी फुटतात आणि त्याच वार्निशचा आणखी एक पातळ हात दिला की तो पांढरेपणा बहुतेक जातो. तसा तो गेलाही. खालच्या कोपऱ्यात किंचित उरला, तो फिकटलेल्या रंगासारखा दिसतो म्हणून राहू दिला. तुमचं वार्निश नवं असेल तर आधी एखाद्या फुटक्या डब्यावर अल्कोहोल लावून पाहा. इतकीच कळकळीची विनंती आहे.

त्यानंतर मी अल्कोहोल सोडून तैलरंगांकडे वळले. तीन ट्यूब, १८ डॉलर: रॉ अंबर, बर्न्ट अंबर, काळा. रिव्हेटच्या ओळीच्या वरच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग रुंद, जवळजवळ कोरड्या ब्रशनं सरळ खाली ओढायचं. ब्रश प्रत्येक ओढीनंतर कापडाला पुसायचा. ओघळ वर रुंद आणि खाली विरत गेलेला हवा, कारण पाणी छताच्या कडेवरून येतं. सगळे ओघळ सारख्या लांबीचे झाले की पडद्याच्या झालरीसारखे दिसतात. माझे पहिले तसेच झाले. पुसून पुन्हा केले. तैलरंग दिवसभर ओला राहतो, त्यामुळे पुसायला घाई नसते, हे त्याचं मोठं सुख.

गंज मी फक्त तीन जागी दिला: ठिगळांच्या वरच्या कडेला, दाराच्या खालच्या रुळाजवळ, आणि एका पायरीच्या टोकाला. बाकी सगळी काजळी. छतावर सर्वांत दाट, बाजूंवर वरून खाली पातळ होत जाणारी, आणि दोन्ही टोकांना चाकांनी उडवलेल्या धुळीचे खालून वर गेलेले फिकट पट्टे. नव्या वजनाच्या चौकोनावर एकाच वर्षाचा मळ, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. छतावरची उजळ फळी रंगीत पेन्सिलीनं केली.

या टप्प्यावर मला सर्वांत उपयोगी पडलेली युक्ती: डब्याचा फोनवर फोटो काढायचा, त्यातला रंग काढून टाकायचा आणि संग्रहालयाच्या प्रतीशेजारी ठेवायचा. रंगामुळे डोळा फसतो. काळ्या-पांढऱ्यात चटकन दिसलं, की माझ्या बाजू खऱ्या डब्यापेक्षा उजळ आहेत आणि दार फारच गडद. असं चार वेळा केलं. चौथ्या वेळी दोन्ही फोटोंतला दाराचा करडा एकसारखा आला, तेव्हा ब्रश खाली ठेवला.

ऑगस्टमध्ये बोग्या, म्हणजे डब्याखालचे चाकांचे सांगाडे. चाकं आणि कपलर (दोन डबे जोडणारे आकडे) मिळून १२ डॉलर. चाकांचा तोंडाकडचा भाग मी आधी सगळ्यांसारखाच गंजाच्या रंगानं रंगवला होता. पण तेव्हाच्या अशा डब्यांत धुऱ्याची टोकं तेलात भिजलेल्या बोळ्यांवर फिरायची. ते तेल चाकावर झिरपायचं, त्यावर धूळ बसायची, आणि चाक काळं, चिकट, गोळा झालेलं दिसायचं. सुकी तांबूस चाकं रोलर बेअरिंगच्या काळातली. म्हणून काळ्यात रॉ अंबर मिसळून जाडसर लावलं आणि धुऱ्याच्या पेटीच्या झाकणाखाली चमकदार वार्निशचा एक थेंब. कपलरला कंपन्या रंग लावत नसत, तडा लपू नये म्हणून. तो मातट गंजाचा ठेवला. सगळ्यात शेवटी टोकदार पांढऱ्या पेन्सिलीनं दाराशेजारी खडूच्या दोन खुणा, यार्डातल्या कारकुनानं करावी तशी एक तिरकी रेघ आणि दोन आकडे. या दोन खुणांसाठी हात इतका कापत होता की दुपार सोडून मी सकाळी केल्या.

डब्याचं स्वतःचं वजन करायचं राहिलं होतं. एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या अमेरिकन संघटनेची शिफारस आहे की एचओच्या डब्याला एक औंस आणि वर प्रत्येक इंच लांबीला अर्धा औंस. माझा डबा पावणेतीन औंसच भरला. छत बंद करण्याआधी आत शिशाच्या पट्ट्या ठेवायला मी विसरले होते. तळाच्या मधल्या कण्याच्या पोकळीत बारीक पट्ट्या सरकवून साडेतीनपर्यंत नेलं. तुम्ही छत चिकटवण्याआधी तोला. एकूण खर्च १५७ डॉलर, रंग आणि एअरब्रश आधीपासूनचे सोडून.

१२ सप्टेंबरला डबा क्लबात नेला. त्या गृहस्थांनी नेहमीप्रमाणे आधी तो उलटाच केला. बोटाच्या नखानं टाकीपासून झडपेपर्यंत आणि झडपेपासून सिलिंडरपर्यंत नळी मापली. मग सुलटा करून ओठांतल्या ओठांत दोन आकडे मिळवले, आणि ठिगळाच्या त्या केसभर खाली गेलेल्या रिव्हेटांवर थांबले.

“हे चुकलंय की असंच होतं?”

मी पिशवीतून संग्रहालयाचा फोटो काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भिंग मागितलं. बराच वेळ पाहिलं, मग डबा रुळावर ठेवून एका कोळशाच्या वाघिणीला जोडला आणि गाडी हलवायला सांगितलं.